शांत वर्ग आणि संयमी मन

टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता वर्गात असली म्हणजे शिक्षण उत्तम चालले आहे, अशी आपल्या समाजाची जुनी समजूत आहे. मुख्याध्यापक व्हरांड्यातून फेरी मारतात तेव्हा ज्या वर्गातून गलका ऐकू येतो, त्या वर्गाचे शिक्षक ओशाळतात. ज्या वर्गातील सारे डोळे फळ्याकडे लागलेले असतात, त्या वर्गाच्या शिक्षकांचे कौतुक होते. पण तेच शिक्षक पाच मिनिटांसाठी कार्यालयात गेले की त्या वर्गात काय होते, हे शाळेच्या शिपायालाही ठाऊक असते. इतकी सुंदर शांतता पाच मिनिटांत कोठे जाते? उत्तर सोपे आहे. ती शांतता मुलांची नव्हतीच. ती शिक्षकांची होती आणि त्यांच्याबरोबरच ती वर्गाबाहेर पडली.

शिस्तीचे महत्त्व ज्या घरांत मानले जाते, त्या घरांनी या प्रश्नाचा विचार अधिक गांभीर्याने करायला हवा. बाहेरून लावलेली शिस्त आणि आतून उमललेला संयम या दोन गोष्टी दिसायला सारख्या असतात. प्रत्यक्षात त्यांत जमीन-अस्मानाचे अंतर असते. धाकाने गप्प बसलेले मूल आणि निश्चयाने गप्प बसलेले मूल शेजारी बसवले तर छायाचित्रात फरक दिसणार नाही. फरक दिसतो तो धाक नाहीसा झाल्यावर. आपल्या शाळा बहुतांशी पहिल्या प्रकारची शांतता निर्माण करतात आणि दुसऱ्या प्रकारची ती आपोआप येईल, असे गृहीत धरतात. ती आपोआप येत नाही. ती शिकवावी लागते आणि वाचन-लेखनाइतक्याच नेटाने शिकवता येते.

मनाचा कारभार

हाती घेतलेले काम पूर्ण होईपर्यंत मनात धरून ठेवणे, मध्येच उसळणाऱ्या ऊर्मीला आवर घालणे आणि एक वाट अडली तर दुसरी शोधणे, या तीन शक्तींना आधुनिक मानसशास्त्र 'एक्झिक्युटिव्ह फंक्शन' असे एकत्रित नाव देते. मराठीत त्याला मनाचे कारभारीपण म्हणता येईल. बुद्धी म्हणजे घरातील संपत्ती मानली, तर ती कोठे, केव्हा आणि किती खर्च करायची हे ठरवणारा तो कारभारी. संपत्ती भरपूर असूनही कारभारी नसल्यामुळे बुडालेली घराणी आपण पाहिली आहेत. 'हुशार आहे हो, पण लक्षच देत नाही,' असे ज्या मुलाविषयी म्हटले जाते, त्याची गत तीच असते. कठोपनिषदाने इंद्रियांना घोडे, मनाला लगाम आणि बुद्धीला सारथी म्हटले, तेव्हा हीच गोष्ट वेगळ्या भाषेत सांगितली होती. तेथेही सारथ्याला गाडीवानी शिकावी लागते, हे गृहीत आहे.

मेंदूच्या ज्या पुढील भागावर हा कारभार मुख्यतः अवलंबून असतो, त्याची वाढ विशीच्या मध्यापर्यंत चालू राहते. पहिलीतल्या मुलाने प्रौढासारखे चाळीस मिनिटे स्थिर बसावे, ही अपेक्षाच म्हणून अनाठायी आहे. परंतु वाढ हळू होते याचा अर्थ तिला खतपाणी नको असा नव्हे. तीन ते सहा-सात या वयात या शक्ती विशेष वेगाने आकार घेतात. बालवाडी आणि प्राथमिक शाळेचे दायित्व त्यामुळेच मोठे आहे.

या तीन शक्ती वर्गात रोज कशा कामी येतात, हे पाहायला प्रयोगशाळेत जायला नको. दुसरी-तिसरीतील बेरीज पुरे. सत्तेचाळीस अधिक अडतीस. सात आणि आठ पंधरा, पंधराचे पाच मांडले, हातचा एक. आता चार आणि तीन मिळवेपर्यंत तो एक मनाच्या मुठीत धरून ठेवायचा असतो. आपल्या भाषेने त्याला 'हातचा' म्हटले आहे, यात केवढे निरीक्षण आहे! ज्या मुलाची मूठ अजून लहान आहे, त्याचा हातचा मध्येच गळून पडतो आणि उत्तर पंचाहत्तर येते. त्याला बेरीज येत नाही असा शेरा वहीवर पडतो; वस्तुतः त्याला बेरीज येते, धरून ठेवणे येत नाही. संख्यालेखनातही तेच घडते. 'त्रेपन्न' ऐकताना तीनची चाहूल आधी लागते आणि पन्नासची नंतर. लिहिताना मात्र पाच आधी लिहायचा. ऐकलेला क्रम उलटा करून मगच पेन्सिल टेकवायची, हा सहा-सात वर्षांच्या मुलासाठी लहानसा पराक्रमच आहे. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात संख्यावाचनाची पर्यायी पद्धत आली तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद झाला. भाषेच्या अभिमानापोटी पुष्कळ बोलले गेले. मुलाच्या मनावर पडणाऱ्या या ओझ्याविषयी त्या मानाने फार थोडे.

सूचनांचेही तसेच. 'पुस्तक मिटा, वही काढा, समास आखा, फळ्यावरचे तिसरे उदाहरण उतरवा आणि झाले की पेन्सिल खाली ठेवा.' एका दमात दिलेल्या या पाच सूचनांपैकी दोन धरून ठेवणाऱ्या मुलाला आपण 'अवज्ञा करणारा' ठरवतो. भांडे लहान असेल तर पाणी सांडणारच. त्यासाठी भांड्याला शिक्षा करण्यात शहाणपण नाही.

थांबणारी मुले, न थांबणारी मुले

संयमाच्या संशोधनातील सर्वांत प्रसिद्ध प्रयोग अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात वॉल्टर मिशेल यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस सुरू केला. चार-पाच वर्षांच्या मुलासमोर एक खाऊ ठेवायचा आणि 'मी परत येईपर्यंत थांबलास तर दोन मिळतील' असे सांगून खोलीबाहेर जायचे. काही मुले थांबली, काहींनी लगेच खाऊ तोंडात टाकला. थांबलेली मुले पुढे शाळेत सरस ठरली, असे निष्कर्ष नंतर आले आणि ही कथा जगभर पसरली. व्यक्तिमत्त्व विकासाच्या किती शिबिरांत ती आजवर सांगितली गेली असेल, याची गणती नाही.

कथेचा उत्तरार्ध मात्र फारसा सांगितला जात नाही. २०१८ मध्ये टायलर वॉट्स, ग्रेग डंकन आणि होनान क्वान यांनी कितीतरी अधिक मुलांची माहिती तपासली. घरची परिस्थिती आणि मुलांची आधीची बौद्धिक तयारी हिशेबात घेतल्यावर, थांबणे आणि पुढचे यश यांतील नाते पुष्कळच क्षीण झाले. त्याआधी रॉचेस्टर विद्यापीठातील सेलेस्ट किड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला, २०१३ च्या शोधपत्रिकेत आलेला प्रयोग तर प्रत्येक शिक्षकाने मनात कोरून ठेवावा असा आहे. त्यांनी २८ मुलांचे दोन गट केले. चित्रकलेचे अधिक चांगले साहित्य आणून देण्याचे वचन दोन्ही गटांना दिले. एका गटाबाबत ते पाळले, दुसऱ्याबाबत मोडले. नंतर तोच खाऊचा प्रयोग केला. वचन पाळले गेलेली मुले सरासरी बारा मिनिटे थांबली. वचन मोडले गेलेली जेमतेम तीन मिनिटे.

संयम हा केवळ मुलाचा उपजत गुण नसून तो त्याच्या अवतीभवतीच्या मोठ्यांच्या विश्वासार्हतेचाही परिणाम असतो, हा या प्रयोगाचा अर्थ आहे. 'उद्या मैदानावर नेतो' असे सांगून उद्या अभ्यासक्रम पूर्ण करायला बसणारा शिक्षक आणि 'परीक्षा झाली की सहलीला जाऊ' म्हणून विसरून जाणारे वडील, दोघेही नकळत मुलाला एकच धडा देत असतात: थांबण्यात अर्थ नाही, हातात आहे ते आत्ताच ओरबाडून घ्यावे.

या शक्तीचे मोल किती, याचा दाखला न्यूझीलंडच्या ड्युनेडिन शहरातून मिळतो. तेथे १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या सुमारे एक हजार मुलांचा मागोवा संशोधक वर्षानुवर्षे घेत आले आहेत. २०११ मध्ये टेरी मॉफिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांच्या वयाच्या बत्तिसाव्या वर्षापर्यंतचा लेखाजोखा मांडला. लहानपणी ज्यांचा आत्मसंयम अधिक होता, त्यांचे मोठेपणीचे आरोग्य आणि आर्थिक स्थिती अधिक चांगली होती आणि गुन्ह्यांत सापडण्याचे प्रमाण कमी होते. बुद्ध्यंक आणि घरची सांपत्तिक स्थिती वेगळी काढली तरीही हे नाते टिकून राहिले. शिवाय वाढत्या वयात ज्यांचा संयम सुधारला, त्यांचे आयुष्यही अपेक्षेपेक्षा सुधारले. म्हणजे ललाटरेषा पुसता येते.

आपल्याच अंगणातील परंपरा

'हे सारे पाश्चात्त्य खूळ आहे,' असे म्हणून हा विषय बाजूला सारणे सोपे आहे. पण ते खरे नाही. मुलाचा संयम त्याच्या हातांना काम देऊन वाढवायचा, हा विचार भारतात शंभर वर्षांपूर्वी रुजला. गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरला दक्षिणामूर्ती बालमंदिर सुरू केले. ताराबाई मोडक तेथेच त्यांच्या कामात सहभागी झाल्या आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. १९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम उभे केले. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ मध्ये ते कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. वारली मुले शाळेत येत नाहीत म्हणून शाळा त्यांच्या अंगणात गेली. मुले गुरांमागे जातात म्हणून कुरणशाळा निघाली. मुलांना बांधून बसवण्याऐवजी त्यांच्या जगण्यातूनच त्यांचे लक्ष वेधून घेण्याचा तो प्रयत्न होता.

गिजुभाईंच्या 'दिवास्वप्न' या पुस्तकातील शिक्षक वर्गात पहिल्याच दिवशी शांततेचा खेळ घ्यायला जातो आणि मुले त्याचा पार फज्जा उडवतात. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगू लागतो आणि तोच वर्ग कान टवकारून बसतो. या प्रसंगात या संपूर्ण विषयाचे सार आले आहे. मन आधी गुंतावे लागते; संयम त्यामागून येतो. रस नसलेल्या मनाकडे एकाग्रता मागणे म्हणजे न पेरलेल्या शेतात कापणीला जाणे होय. शांततेचा खेळ मूळचा मारिया माँटेसरी यांचा. १९३९ मध्ये त्या भारतात आल्या आणि महायुद्धाची वर्षे येथेच राहिल्या. त्यांच्या पद्धतीत शांतता हा शिक्षकाचा हुकूम नसतो. सर्व मुलांनी मिळून, आपापले हातपाय आवरून ती निर्माण करायची असते. एकाही मुलाने ठरवले नाही तर ती होत नाही. धाकाची शांतता आणि निश्चयाची शांतता यांतील अंतर याहून स्पष्ट कोण सांगणार?

आपले खेळही हेच शिकवत आले आहेत. 'तळ्यात-मळ्यात' खेळताना कान आणि पाय यांच्यामध्ये क्षणभर थांबावे लागते. जो थांबत नाही तो बाद होतो. 'शिवाजी म्हणतो' या खेळात आज्ञा ऐकताच हात उचलायचा नसतो. ती शिवाजीची आहे की नाही हे आधी तपासायचे असते. आज संशोधक मुलांचा आत्मसंयम मोजतात तो 'डोके' म्हटले की पायाची बोटे धरायची अशा खेळानेच. ज्या मोजपट्टीसाठी विद्यापीठे खपली, ती आपल्या गल्लीत फुकट उपलब्ध होती. गल्ली वाहनांनी गेली, अंगण इमारतीत गेले आणि संध्याकाळ शिकवणीत गेली. मग ही शिकवण मुलांना मिळणार कोठून?

पाठांतराविषयीही येथे एक शब्द आवश्यक आहे. घोकंपट्टीवर टीका करणे ही आता फॅशन झाली आहे. परंतु ज्याला पाढे तोंडपाठ आहेत, त्याच्या मनाची मूठ उदाहरण सोडवताना मोकळी राहते. सात आठे किती हे शोधण्यात त्याची शक्ती खर्ची पडत नाही. पाठांतर समजेची जागा घेऊ शकत नाही. पण समजेसाठी जागा रिकामी करून देते. तेवढे श्रेय त्याला दिले पाहिजे.

घराची बाजू

मध्यमवर्गीय घरांनी या बाबतीत स्वतःकडे निरखून पाहणे अगत्याचे आहे. दप्तर आई भरते, वेळापत्रक बाबा लावतात, प्रकल्पवही दोघे मिळून रात्री अकरा वाजता पूर्ण करतात आणि उरलेले नियोजन शिकवणीवर्ग पाहतो. मुलाने स्वतः ठरवून, स्वतः अडखळून, स्वतः पूर्ण केलेला एक तासही त्याच्या आठवड्यात नसतो. असे मूल दहावी-बारावीत नव्वद टक्के मिळवते आणि वसतिगृहात गेल्यावर पहिल्याच सत्रात कोसळते. तेव्हा त्याची बुद्धी कमी पडलेली नसते. अठरा वर्षे दुसऱ्यांनी चालवलेला कारभार एकाएकी त्याच्या अंगावर पडलेला असतो.

याच पालकांच्या चिंतेवर एक बाजारही पोसला जातो. 'मिडब्रेन अ‍ॅक्टिव्हेशन'च्या नावाखाली डोळ्यांवर पट्टी बांधून वाचन शिकवण्याचे वर्ग महाराष्ट्रात मध्यंतरी गावोगावी निघाले. त्याला कोणताही शास्त्रीय आधार नाही. संगणकावरील स्मरणाच्या खेळांनी मूल त्या खेळात तरबेज होते. ती प्रगती वाचनात किंवा गणितात फारशी उतरत नाही, असे त्या विषयावरील अभ्यासांचा एकत्रित आढावा सांगतो. कारभारीपण शिकायचे ते खऱ्या कारभारातूनच. चार पाहुण्यांना पाणी नेऊन देण्यात, लहान भावाला गोष्ट सांगण्यात आणि उद्याचे दप्तर आज भरण्यात ते दडलेले आहे.

दुसऱ्या टोकाला अशी घरे आहेत, जेथे रात्री पुरेशी झोप मिळत नाही, पोट भरलेले नसते आणि उद्याचा भरवसा नसतो. अशा ताणात मनाचा कारभार आधी ढासळतो. त्या घरातून आलेल्या मुलाला 'चंचल' किंवा 'ढ' म्हणणे हा अन्याय आहे. शाळेतील पोषण आहार, ठरलेल्या वेळी ठरलेली गोष्ट होणे आणि रोज तीच माया दाखवणारा शिक्षक, एवढे त्याला मिळाले तरी ते औषधाचे काम करते. काही मुलांची अस्वस्थता मात्र वैद्यकीय स्वरूपाची असते. तेथे उपदेश न करता तज्ज्ञ डॉक्टरांकडे जाणेच योग्य.

वर्गात काय करता येईल?

धोरणाची अडचण आता उरलेली नाही. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० ने तीन ते आठ वर्षे हा पायाभूत स्तर मानला. ऑक्टोबर २०२२ मध्ये त्या स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला. त्यात पंचकोशांच्या विकासाची चर्चा आहे. त्याचबरोबर लक्ष केंद्रित करणे, कामाचे नियोजन, स्मरण, मनाची लवचीकता आणि आत्मनियंत्रण यांना शिकण्याच्या सवयी म्हणून स्पष्ट स्थान दिले आहे. प्रश्न कागदावरून वर्गात उतरण्याचा आहे आणि त्याला पैसा फारसा लागत नाही.

सूचना एका वेळी एक-दोन द्याव्यात आणि बाकीच्या फळ्यावर क्रमाने लिहाव्यात. लहानांसाठी चित्रे काढावीत. प्रश्न विचारल्यावर निदान तीन सेकंद थांबावे. अमेरिकेतील मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिले की शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबतात. तो अवधी तीन सेकंदांवर नेताच उत्तरे लांबतात आणि एरवी गप्प राहणारी मुलेही बोलू लागतात. मुलाला थांबायला शिकवण्याआधी शिक्षकाने थांबावे, हा त्याचा मथितार्थ. दिवसाच्या आरंभी 'आज मी काय करणार' हे प्रत्येकाने एका ओळीत लिहावे, लिहिता येत नसेल तर चित्र काढावे, आणि शाळा सुटताना ते झाले का, हे स्वतःच पाहावे. पाणी भरणे, पुस्तके वाटणे, रोपांची निगा अशी कामे आठवडाभरासाठी मुलांकडे सोपवावीत आणि चुकली तरी काढून घेऊ नयेत. रोज दहा मिनिटे 'तळ्यात-मळ्यात'ला द्यावीत. तो वेळ वाया गेलेला नसतो.

चौथीपर्यंतचे चार वर्ग आणि दोन शिक्षक अशा जिल्हा परिषद शाळेला तर दुसरा मार्गच नाही. एका वर्गाला शिकवताना दुसरा आपला आपण शिकत राहिला पाहिजे. साताऱ्याजवळच्या कुमठे बीटमधील शाळांत फरशीवर आखलेल्या तक्त्यांभोवती, साहित्य हाताळत गटागटाने शिकणारी मुले पाहायला राज्यभरातून शिक्षक गेले, ते याच कारणासाठी. तेथे गलका होता, पण तो कामाचा गलका होता.

'पूर्वी छडीनेच माणसे घडली,' हा युक्तिवाद अजूनही ऐकू येतो. छडीमुळे शाळा कायमची सोडून गेलेल्यांची नोंद कोणी ठेवली नाही, म्हणून तो टिकून आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंना बंदी घातली. छडी गेली; तिच्या जागी काय आणायचे हे मात्र शिक्षकांना कोणी शिकवले नाही. त्यामुळे अनेक वर्गांत धाक गेला आणि संयमही आला नाही, अशी अवस्था झाली. दोष कायद्याचा नाही. अर्धवट सोडलेल्या कामाचा आहे. त्याच कायद्याने प्राथमिक वर्गांसाठी तीस मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण सांगितले आहे. साठ मुलांच्या वर्गात बसवून शिक्षकाकडून या साऱ्याची अपेक्षा करणे हा त्याच्यावरही अन्यायच आहे.

संस्थाचालक, शाळा व्यवस्थापन समित्यांचे सदस्य आणि समाजात काम करणारे कार्यकर्ते यांच्यासाठी येथे प्रत्यक्ष काम आहे. रिकाम्या जागा भरल्या जातात का, वर्गातील पट किती, शिक्षकांना या विषयाचे प्रशिक्षण मिळते का, हे विचारणे त्यांच्या हातात आहे. शिटी वाजली की रांगेत उभी राहणारी पिढी घडवणे अवघड नाही. काही आठवड्यांत ते साधते. शिटी वाजवणारा कोणी नसताना, मोह समोर असताना आणि कोणी पाहत नसताना योग्य तेच करणारी पिढी घडायला मात्र वर्षे लागतात, आणि त्यासाठी मोठ्यांनी मुलांच्या हातातील कारभार वारंवार आपल्या हाती घेण्याचा मोह आधी स्वतः आवरावा लागतो. संयमाचा पहिला पाठ मोठ्यांनीच गिरवायचा आहे.